पारा

छत्तीसगडी बोलीत ‘पारा’ म्हणजे वस्ती, मोहल्ला. रायपूरच्या जुन्या भागात बूढापारा आहे, बैजनाथपारा आहे, मौदहापारा आहे; आणि शारदा चौकाकडून आझाद चौकाकडे जाणाऱ्या गजबजलेल्या रस्त्यावर तात्यापारा आहे. नागपूर-पुण्याकडून प्रथमच येणारा मराठी पाहुणा हे नाव ऐकून क्षणभर थबकतो. ‘तात्या’ त्याच्या ओळखीचा असतो. ‘पारा’ही ओळखीचा असतो, परंतु तो निराळा. त्याच्या भाषेतला पारा तापमापकाच्या नळीत असतो, रागीट माणसाच्या मस्तकात असतो, वैद्याच्या खलात असतो. यजमान हसून अर्थ उलगडून सांगतात, पाहुणाही हसतो, आणि चहा येतो. या वस्तीतल्या मराठी घरांत हा विनोद पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे.

नागपूरकर भोसल्यांचे सैन्य भास्करपंतांच्या नेतृत्वाखाली १७४१ मध्ये छत्तीसगडात उतरले. १७५८ पासून बिंबाजी भोसले रतनपुरास राहून कारभार पाहू लागले, आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा होईपर्यंत हा मुलूख या ना त्या रूपाने भोसल्यांच्या नावाशी जोडलेला राहिला. त्या काळात आणि त्यानंतरही चाकरीच्या, वकिलीच्या, शिक्षकीच्या निमित्ताने मराठी कुटुंबे इकडे येत राहिली. घरात मराठी, दारात छत्तीसगडी आणि शाळेत हिंदी, असा त्यांचा तिहेरी संसार. माधवराव सप्रे यांच्यासारख्या मराठी घरातल्या माणसाने लोकमान्यांचे ‘गीतारहस्य’ हिंदीत नेले आणि हिंदी गद्याला वळण दिले, ते याच तिहेरी संसाराच्या बळावर. परंतु दूर राहणाऱ्या माणसांना एक उणीव सतत बोचत असते. आपल्या मुलखातल्या मोठेपणाचा वाटा आपल्यापर्यंत उशिरा आणि थोडाच पोहोचतो, असे त्यांना वाटते. मग जे पोहोचते ते ती माणसे जिवापाड जपतात.

अशा जपलेल्या गोष्टींपैकी एक गोष्ट तात्यापाऱ्यातल्या एका निवृत्त शिक्षकाकडे होती. वस्तीत त्यांना सगळे ‘सर’ म्हणत. हिंदी माध्यमाच्या शाळेत त्यांनी तेहतीस वर्षे पदार्थविज्ञान आणि रसायन शिकवले. दरवर्षी नववीच्या वर्गात ते एक प्रयोग हटकून करून दाखवीत. चिनी मातीच्या वाटीत आयोडीनचे काळसर, चकाकणारे स्फटिक ठेवायचे. वर काचेचे नरसाळे उपडे घालायचे. नळीच्या तोंडाशी कापसाचा बोळा लावायचा आणि खाली मंद दिवा. स्फटिक वितळत न बसता सरळ जांभळी वाफ होऊन वर चढत आणि नरसाळ्याच्या थंड अंगावर पुन्हा स्फटिक होऊन बसत. शाळेत ते याला ‘ऊर्ध्वपातन’ म्हणत आणि घरी मुलांना समजावताना ‘संप्लवन’. पदार्थ तोच, नियम तोच, नावे मात्र दोन. पाऱ्याचे तरी दुसरे काय होते?

गणेशोत्सवात सरांचे एक व्याख्यान ठरलेले असे. त्यात ते शिवकर बापूजी तळपदे यांची कथा सांगत. मुंबईच्या या संस्कृतज्ञ गृहस्थाने १८९५ मध्ये गिरगावच्या चौपाटीवर निर्मनुष्य विमान उडवले. सयाजीराव गायकवाड आणि न्यायमूर्ती रानडे यांनी ते पाहिले. विमान पंधराशे फूट वर चढले. आणि ते पाऱ्याच्या शक्तीवर चालले. राइट बंधूंच्या १९०३ च्या उड्डाणाआधी आठ वर्षे! कथेच्या शेवटी सर थोडे थांबत आणि म्हणत, “आणि मुलांनो, आपण तर पाऱ्यातच राहतो.” टाळ्या पडत. ज्या मुलांनी मुंबईचा समुद्र कधी पाहिला नव्हता, त्यांच्या डोळ्यांत त्या क्षणी चौपाटी उभी राही. त्यांतली कितीतरी मुले पुढे विज्ञानाकडे वळली. काही भिलाईच्या पोलाद कारखान्यात गेली, काही त्याच हमरस्त्यावरील अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकली. सरांना याचा अभिमान वाटे, आणि त्यात वावगे काही नव्हते.

सरांची नात प्लाझ्माच्या अभ्यासाकडे वळली, तिचेही बालपण याच कथेवर पोसलेले होते. बाहेरगावच्या एका संस्थेत ती अंतराळयानांच्या विद्युत इंजिनांवर प्रयोग करीत होती. २०२५ च्या गणेशोत्सवाच्या आधी ती काही दिवस घरी आली. एका संध्याकाळी, वीज गेली म्हणून दोघे अंगणात खुर्च्या टाकून बसले असता, सरांनी तिच्या कामाची चौकशी केली.

“आयोडीनवर काम चाललंय, आजोबा.”

“आयोडीन? जखमेवर लावायचं?”

“तेच. तुमच्या वाटीतलं.”

सरांना हे ऐकून जो आनंद झाला तो त्यांनी लपवला नाही. तेहतीस वर्षे ज्या जांभळ्या वाफेकडे त्यांनी मुलांना पाहायला लावले, ती वाफ यानाला अंतराळात पुढे ढकलते, ही कल्पनाच त्यांना अपूर्व वाटली. मग नात समजावून सांगू लागली आणि शिक्षक विद्यार्थी झाले.

बोटीत उभे राहून कोणी दगड मागे भिरकावले तर बोट पुढे सरकते. अंतराळातल्या यानाला दुसरा उपाय नसतो. तिथे पाय टेकायला जमीन नाही, वल्हे मारायला पाणी नाही. पुढे जायचे तर जवळचे काहीतरी मागे फेकले पाहिजे. त्या फेकायच्या द्रव्याला प्रणोदक म्हणतात. रासायनिक अग्निबाण इंधन जाळून तप्त वायू सेकंदाला तीन ते साडेचार किलोमीटर वेगाने फेकतो. विद्युत इंजिन अणूंमधून इलेक्ट्रॉन काढून घेते, म्हणजे वायूचा प्लाझ्मा करते, आणि मग विजेच्या बळाने त्या भारित अणूंना, आयनांना, सेकंदाला तीस किलोमीटरच्या आसपास वेग देते. तेवढ्याच वस्तुमानात कितीतरी अधिक गती मिळते. मात्र हे बळ अतिशय कोवळे असते. महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षे ते लावत राहावे लागते. ज्याचे अणू जड आहेत आणि ज्याचा इलेक्ट्रॉन थोडक्या ऊर्जेत सुटतो, ते द्रव्य या कामाला चांगले.

“म्हणजे पारा,” सर एकदम म्हणाले.

नात गप्प झाली. कारण उत्तर बरोबर होते.

पाऱ्याचा अणू झेनॉनपेक्षाही जड, आणि त्याचे आयनीभवनही सोपे. क्लीव्हलँडच्या प्रयोगशाळेत हॅरल्ड कॉफमन यांनी १९५९-६० च्या सुमारास जे आयन इंजिन घडवले ते पाऱ्याच्या वाफेवर चालत असे. २० जुलै १९६४ रोजी ‘सर्ट-१’ हे छोटे यान अवकाशात गेले, तेव्हा त्यातील सीझियमचे इंजिन विजेच्या दोषामुळे चालू शकले नाही. पाऱ्याचे मात्र एकतीस मिनिटे चालले. अंतराळात आयन इंजिन चालू शकते याचा तो पहिला पुरावा होता. त्या प्रयोगाआधी एक शंका जाणत्यांना छळत होती. यानातून केवळ धनभारित आयन बाहेर टाकत राहिले तर यान ऋणभारित होईल आणि टाकलेले आयन पुन्हा त्याच्याकडेच ओढले जातील. म्हणून झोताबरोबर इलेक्ट्रॉनही सोडावे लागतात, तेव्हाच टाकलेले खरोखर दूर जाते. १९७० च्या ‘सर्ट-२’ मधील पाऱ्याची इंजिने हजारो तास चालली.

सरांनी हे सगळे कान देऊन ऐकले. अंधारातही त्यांचा चेहरा उजळलेला असावा. “बघ,” ते म्हणाले, “तळपद्यांनी तेच केलं होतं. सत्तर वर्षं आधी.”

नातीला यावर बोलणे कठीण गेले. लहानपणी मंडपात पहिल्या रांगेत बसून तिने टाळ्या वाजवल्या होत्या. ती इतकेच म्हणाली, “आजोबा, चौपाटीवर निर्वात कुठून आणलं?”

सर काही बोलले नाहीत. वीज आली, आणि दोघे आत गेले.

शिक्षकाला विचारलेला प्रश्न त्याचा पिच्छा सोडत नाही. त्या रात्री सरांनी जुन्या वहीचे कोरे पान काढले आणि गणित मांडले. नातीने सांगितलेले आकडे त्यांच्या लक्षात होते. १९९८ साली निघालेल्या ‘डीप स्पेस-१’ यानाचे आयन इंजिन सुमारे २.३ किलोवॅट वीज घेऊन अधिकात अधिक ९२ मिलिन्यूटन इतके बळ देई. पृथ्वीवर हे बळ नऊ ग्रॅम वजनाला पेलते; म्हणजे टंकलेखनाचे दोन कागद. एक किलो वजनाचे खेळण्यातले विमान हवेत नुसते धरून ठेवायला ९.८ न्यूटन बळ लागते. म्हणजे अशी शंभराहून अधिक इंजिने, आणि त्यांना सुमारे अडीचशे किलोवॅट वीज. त्या इंजिनांचे स्वतःचे वजन निराळेच. आणि हे सारे निर्वातात. समुद्रकाठच्या दाट हवेत आयनाला मिलिमीटरचा दहा हजारावा भागही निर्वेध धावता येत नाही. तेवढ्यात तो हवेच्या रेणूवर आदळतो. जे इंजिन विसाव्या शतकाच्या अखेरीस उत्तम ठरले, तेही चौपाटीवरून स्वतःला उचलू शकले नसते. गणित तीन वेळा पडताळून पाहिले तरी उत्तर बदलेना.

खरे म्हणजे सरांना हे गणित नवे असले तरी शंका नवी नव्हती. २०१५ च्या जानेवारीत मुंबईच्या विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन विमानविद्येवर निबंध वाचला गेला आणि देशभर वाद झाला, तेव्हा वर्तमानपत्रांतून पुष्कळ काही छापून आले होते. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी १९७४ मध्येच ‘वैमानिकशास्त्र’ या ग्रंथाची चिकित्सा केली होती. तो ग्रंथ प्राचीन नसून विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांतला आहे आणि त्यातील विमाने उडण्याजोगी नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. तळपदे यांनी त्या ग्रंथाच्या कर्त्याच्या, सुब्बराय शास्त्री यांच्या, मार्गदर्शनाने प्रतिकृती करून पाहिल्या, पण त्या उडाल्या नाहीत, असेही तिथे नोंदलेले होते. १८९५ च्या उड्डाणाचा विश्वसनीय असा समकालीन पुरावा पुढे आलेला नाही, हेही त्या वेळी अनेकांनी लिहिले. सरांनी ते कात्रण कापले होते, वाचले होते, आणि घडी घालून ट्रंकेत ठेवले होते. त्यानंतरच्या गणेशोत्सवांतही त्यांनी कथा सांगितली. फक्त ‘पंधराशे फूट’ हा आकडा ते हळू आवाजात सांगू लागले होते. हा बदल कोणाच्या लक्षात आला नव्हता. त्यांच्या स्वतःच्या मात्र आला होता.

माणूस कथेला का धरून बसतो? भोजाच्या ‘समरांगणसूत्रधारा’त, अकराव्या शतकात, लाकडी पक्ष्याच्या पोटात पाऱ्याचे पात्र आणि त्याखाली अग्नी ठेवण्याची कल्पना आहे, पण यंत्राची घडण गुप्ततेसाठी सांगत नाही, असे ग्रंथकारच म्हणतो. ही कल्पना सुंदर आहे, आणि हजार वर्षांपूर्वी कोणाला तरी आकाशाची ओढ लागली होती हे सांगायला ती पुरेशी आहे. तळपदे यांनाही ती ओढ होती. त्यांचा ध्यास खोटा म्हणण्याचे कारण नाही. परंतु ध्यास पुरेसा वाटत नाही म्हणून आपण त्याला सिद्धी जोडतो, आणि तसे करताना त्या माणसाचे खरे कष्ट, त्याचे न उडालेले नमुने, त्याच्या अपयशाची प्रामाणिक नोंद, हे सगळे पुसून टाकतो. तळपदे यांच्यावर अन्याय कोणी केला असेल तर तो त्यांच्या भक्तांनीच केला, हा विचार सरांना त्या रात्री प्रथमच शिवला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नातीला विचारले, “मग पारा सोडला का? इतका चांगला होता तर?”

हा प्रश्न तिच्या आवडीचा होता. पारा विषारी. जमिनीवर इंजिनाची चाचणी घेणाऱ्यांना तो घातक, यानाच्या थंड भागांवर आणि सौरपट्टांवर जमून बसण्याची भीती, आणि खालच्या कक्षेत फेकलेला पारा अखेर पृथ्वीवरच उतरणार. जपानमधील मिनामाता येथे पाऱ्याने काय केले हे १९५६ पासून जगाला कळू लागले होते. त्या गावाच्या नावाने जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्याच्या सदस्य देशांनी २०२२ मध्ये उपग्रहांच्या प्रणोदकातूनही पारा २०२५ पर्यंत हद्दपार करण्याचे ठरवले. त्याआधीच झेनॉनने पाऱ्याची जागा घेतली होती. झेनॉन जड, निरुपद्रवी आणि कशाशीही सहसा संयोग न पावणारा. आपल्या इस्रोनेही तोच निवडला. २०१० च्या जीसॅट-४ वर अशी इंजिने होती, पण प्रक्षेपणच फसले. ५ मे २०१७ रोजी गेलेल्या जीसॅट-९ वर ती काम करू लागली. आणि २०२५ च्या मार्चमध्ये इस्रोने तीनशे मिलिन्यूटनचे स्वदेशी प्लाझ्मा इंजिन निर्वातकक्षात एक हजार तास चालवल्याचे जाहीर केले. तीनशे मिलिन्यूटन म्हणजे तीस ग्रॅमचे वजन पेलणारे बळ, आणि त्यासाठी ५.४ किलोवॅट वीज!

“अडचण एकच,” नात म्हणाली. “झेनॉन मिळतं कुठे?”

हे उत्तर सरांना अर्धे ठाऊक होते. भिलाईत त्यांचे विद्यार्थी प्राणवायूच्या संयंत्रावर काम करीत. हवा थंड करकरून द्रवरूप करायची आणि तिच्यातून प्राणवायू, नत्र, आर्गॉन वेगळे काढायचे. २०२१ च्या साथीत भिलाईचा प्राणवायू कुठवर गेला हे तात्यापाऱ्यातल्या प्रत्येक घराला माहीत होते. जगात झेनॉन मिळतो तो अशाच प्रचंड संयंत्रांचा उरलासुरला अंश म्हणून. कारण हवेच्या एक कोटी भागांत त्याचा एक भागसुद्धा नसतो. जगाचे वार्षिक उत्पादन शंभर टनांहून कमी, त्यावर दिव्यांचा, रुग्णालयांचा, संगणकीय चकत्या करणाऱ्या कारखान्यांचा हक्क. आणि युक्रेनच्या युद्धाने २०२२ मध्ये विरळ वायूंचे भाव किती चढू शकतात हेही दाखवले. तेव्हा जग दुसरीकडे पाहू लागले. स्टारलिंकच्या उपग्रहांनी आधी क्रिप्टॉन घेतला आणि २०२३ पासून आर्गॉन, जो हवेत शंभरात जवळजवळ एक भाग असतो. बेंगळुरूच्या बेलाट्रिक्स एरोस्पेसने सूक्ष्मलहरींनी पाण्याच्या वाफेचा प्लाझ्मा करणारे इंजिन घडवण्याचे काम हाती घेतले. इटलीत २०१८ मध्ये असे इंजिन चाचणीत चालवले गेले की जे दोनशे किलोमीटर उंचीवरची विरळ हवाच वाटेत गोळा करून मागे फेकते; त्याला शिदोरीच नको. आणि फ्रान्सच्या थ्रस्टमी या संस्थेने २०२० च्या नोव्हेंबरात गेलेल्या एका चिनी उपग्रहावर आयोडीनचे इंजिन चालवून दाखवले. त्याचा वृत्तांत पुढच्या वर्षी ‘नेचर’मध्ये आला.

आयोडीनचे वजन झेनॉनच्या तोडीचे. त्याला जाड भिंतींची, दाबाची टाकी लागत नाही. घन असतो, थोडी ऊब दिली की वाफ होतो. सरांच्या वाटीतला सगळा गुण इथे कामाला येतो. परंतु त्याच गुणात दोष दडलेला आहे. जे सहज वाफ होते ते थंड जागी सहज पुन्हा स्फटिक होते. नातीच्या प्रयोगात हेच झाले होते. काचेच्या नळीभोवती तांब्याच्या तारेचे वेटोळे, त्यातून उच्च वारंवारतेची वीज, आणि बाजूने बारीक नळीवाटे येणारी आयोडीनची वाफ. पहिल्या दिवशी नळीत फिकट उजेड पेटला आणि थोड्याच वेळात विझला. बारीक नळीचा एक सांधा थंड राहिला होता. तिथे स्फटिक साचून वाट बुजली. सांधा तापवला तेव्हा झडपेचे पोलाद आयोडीनने खाल्ले. झडप बदलली तेव्हा निर्वात पंपाचे तेल बिघडले. थ्रस्टमीच्या लोकांनी सच्छिद्र सिरॅमिकमध्ये आयोडीन मुरवून ठेवण्याची युक्ती केली होती. तिला ती स्वतःच्या नळीत साधायला चार महिने लागले. एकूण सहा महिन्यांच्या कामातून स्थिर उजेडाची अकरा मिनिटे हाती आली.

“अकराच?” सरांनी विचारले.

“अकराच. आणि वहीत मी अकराच लिहिली, आजोबा. बारा लिहिली असती तर कुणाला कळलं नसतं.”

हे वाक्य तिने कोणाला टोचावे म्हणून म्हटले नव्हते. पण ते बोलून झाल्यावर दोघांनाही जाणवले की ते कुठे जाऊन लागले आहे. ती वरमली. सर उठले, त्यांनी ट्रंक उघडली, आणि पिवळे पडत चाललेले कात्रण आणून तिच्या हातात दिले.

त्या वर्षी गणेशोत्सवात सरांचे व्याख्यान झाले. मंडपात नेहमीसारखी मुले पुढे आणि मोठी माणसे मागे बसली होती. सरांनी तळपदे यांची कथा सांगितली, पूर्वीइतक्याच रंगून सांगितली, आणि ती संपवून म्हणाले की, ही कथा मी तुम्हांला आणि तुमच्या आईवडिलांना तीस-पस्तीस वर्षे खरी म्हणून सांगितली. ती खरी असल्याचा पुरावा माझ्याजवळ नाही. तसा पुरावा नाही हे मला दहा वर्षांपासून ठाऊक होते, आणि तरीही मी ती सांगत राहिलो. मग त्यांनी फळ्यावर ते गणित मांडले. दोन कागद, एक किलो, शंभर इंजिने.

मंडपात शांतता पसरली. मागून त्यांचा एक जुना विद्यार्थी, आता पन्नाशीचा झालेला, उठून उभा राहिला. “सर, तुमच्या त्या गोष्टीमुळेच मी विज्ञानाकडे गेलो. आता ती खोटी म्हटल्यावर मी काय समजायचं?” त्याच्या स्वरात राग नव्हता, हातातली वस्तू कोणी काढून घ्यावी तसा तो बोलला.

सरांना उत्तर लगेच सुचले नाही. थोड्या वेळाने ते म्हणाले, “तू जिथे पोहोचलास ते तर खोटं नाही ना? मग गोष्टीनं तिचं काम केलं. आता ती मागे टाकायला हरकत नाही. पुढे जायला काहीतरी मागे टाकावंच लागतं, हे मी काल-परवाच शिकलो.” आणि जरा थांबून त्यांनी पुढे जोडले, “टाकताना राग मात्र ठेवायचा नाही. नाहीतर टाकलेलं परत येऊन चिकटतं.”

सगळ्यांना ते पटले असे नाही. परतताना काहीजण नातीकडे अशा दृष्टीने पाहत गेले, की जणू वस्तीतली एक जुनी वस्तू तिने फोडली आहे. एक वृद्ध बाई तर म्हणाल्या, “असू दे की गं खरी. कुणाचं काय जात होतं?” या प्रश्नाचे उत्तर देणे सोपे नव्हते, आणि नातीने ते दिले नाही. जात होते ते सरांचे जात होते. दरवर्षी एक आकडा हळू आवाजात सांगावा लागणे, हा शिक्षकाच्या वाट्याला येणारा लहानसा, पण न संपणारा झिजवटा असतो.

टाळ्या त्या रात्री पडल्या नाहीत. सरांनी पिशवीतून चिनी मातीची वाटी, काचेचे नरसाळे आणि कापसाचा बोळा काढला, मुलांना हात लावू नका म्हणून बजावले, आणि चिमूटभर आयोडीन घालून खाली स्पिरिटचा दिवा लावला. मंडपातले दिवे मालवायला सांगितले. वाफ वर चढू लागली. पहिल्या रांगेतल्या एका मुलाने विचारले, “आजोबा, यावर यान चालतं?”

“चालतं,” सर म्हणाले. “पण फार हळू. आणि हे बघायला गेलेल्यांनी किती मिनिटं चाललं ते लिहून ठेवलंय. तूही घड्याळ बघ आणि लिही.”

मुलाजवळ घड्याळ नव्हते. नातीने आपले काढून त्याच्या हाती दिले. नरसाळ्याच्या थंड काचेवर पहिले बारीक स्फटिक दिसेपर्यंत किती वेळ लागला, तो आकडा त्या रात्री तात्यापाऱ्यातल्या एका शाळेच्या वहीत नोंदला गेला.